लेकीच्या तांत्रिक शिक्षणाची वाट अडते कुठे?



ऊस नोंदणीला शिवारात फिरताना एक गोष्ट हमखास दिसते. सातबारा बापाच्या हाती असतो, पण मोबाईलवर नोंद तपासून देते ती लेक. मात्र आयटीआय, डिप्लोमा, इंजिनिअरिंगची चौकशी होते ती मुलासाठी. लेकीसाठी उत्तर ठरलेले: "कॉलेज जवळ आहे, बी.ए. करून घेईल."

१९७४ साली पुण्याच्या टेल्को कारखान्याला इंजिनिअर हवे होते. जाहिरातीत स्पष्ट लिहिले होते, स्त्रियांनी अर्ज करू नये. बंगलोरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. मुलाखतीचे बोलावणे आले आणि नोकरीही मिळाली. त्याच कंपनीच्या पुण्यातील कारखान्यात आज शेकडो मुली मोटारी जोडतात.

तशी जाहिरात आता कोणी देत नाही. १९९१ साली पुण्यात महर्षी कर्वे संस्थेने मुलींसाठी इंजिनिअरिंग कॉलेज काढले. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास व सामाजिक-शैक्षणिक मागास घरांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी व परीक्षा फी पूर्ण माफ आहे.

मग अडते कुठे? फी माफ झाली तरी खोली आणि मेसचा खर्च उरतोच. एस.टी.चा मोफत पास बारावीपर्यंतच. पुढे सवलतीच्या पासालाही पैसे मोजावे लागतात. तळेगाव अमरावती-नागपूर हमरस्त्यावर आहे खरे, पण आडगावच्या मुलीला आधी तळेगाव गाठावे लागते, आणि सायंकाळी परतायचे कसे हा घोर असतो. नोकरीच्या वेळी मुलाखत इंग्रजीत, शिवाय "लग्नानंतर काय?" हा प्रश्न फक्त मुलीलाच.

यातले बरेच आपल्या हातचे आहे. उत्पन्नाचा व प्रवर्गाचा दाखला निकालाआधीच काढा. प्रवेश सरकारी कॅप फेरीतूनच घ्या. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर फीमाफी जाते. गावच्या दोन-तीन मुलींनी मिळून खोली घेतली तर खर्च वाटला जातो, घरच्यांची काळजीही कमी होते.

आणि वार्षिक सभेत एक ठराव मांडा: वर्कशॉप व प्रयोगशाळेच्या शिकाऊ जागांच्या जाहिरातीत "मुलींनीही अर्ज करावा" असे ठळक छापावे आणि मुलाखत मराठीत घ्यावी. कारखाना सभासदांचा आहे, तसा तो त्यांच्या लेकींचाही आहे.