एका जागेवर अडलेले सामोआ

९ एप्रिल २०२१ रोजी सामोआत संसदेची सार्वत्रिक निवडणूक झाली. मतदान एका दिवसात उरकले, पण सरकार कोणाचे हे ठरायला साडेतीन महिने लागले. मधल्या काळात पंतप्रधानपदावर दोघांनी दावा सांगितला, संसद भवनाला कुलूप लागले आणि ते कुलूप बघून खुद्द सरन्यायाधीशांना माघारी फिरावे लागले.

दक्षिण प्रशांत महासागरातील उपोलू आणि सवाई ही दोन मोठी बेटे आणि आसपासची काही चिमुकली बेटे मिळून हा देश होतो. लोकसंख्या दोन लाखांच्या घरात. महाराष्ट्रातल्या एका विधानसभा मतदारसंघात सहसा याहून जास्त मतदार असतात. न्यूझीलंडच्या ताब्यातून १ जानेवारी १९६२ रोजी सामोआ स्वतंत्र झाला. संसद आणि न्यायालये ब्रिटिश घडणीची स्वीकारली गेली, पण गावगाडा जुनाच राहिला.

या गावगाड्याचा कणा म्हणजे ‘मताई’. प्रत्येक मोठ्या कुटुंबाकडे एक किंवा अनेक मानाच्या पदव्या असतात. ती पदवी कोणाला द्यायची हे भाऊबंद एकत्र बसून ठरवतात, थोरल्या मुलालाच ती मिळेल असे नाही. पदवीधारक मताई गावाच्या पंचायतीत बसतो आणि कुटुंबाच्या जमिनीची जबाबदारी वाहतो. देशातली बहुतेक जमीन आजही अशीच सामाईक, रूढीने चालणारी आहे. स्वातंत्र्यानंतर जवळपास तीन दशके बहुतेक सर्व जागांसाठी मत देण्याचा हक्कही फक्त मताईंना होता. १९९० मध्ये सार्वमत घेतले गेले आणि १९९१ पासून २१ वर्षांवरील सर्वांना मताधिकार मिळाला. उमेदवारीची अट मात्र कायम राहिली: निवडणुकीला उभे राहायचे तर मताई असायला हवे, आणि गावाची प्रथेप्रमाणे सेवा केलेली असायला हवी. ही पदवी स्त्रियांनाही मिळते, पण पदवीधारकांत पुरुषच फार मोठ्या संख्येने आहेत. संसदेत बायका इतक्या थोड्या का, याचे अर्धे उत्तर इथेच सापडते.

१९८२ पासून, मधला थोडा काळ सोडला तर, सत्ता मानवी हक्क संरक्षण पक्षाच्या हाती होती. तुइलाएपा साइलेले मालिएलेगाओई १९९८ पासून पंतप्रधान होते. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायची ती त्यांनी २००९ मध्ये डावीकडे आणली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी व्यापार सोपा व्हावा म्हणून २०११ च्या अखेरीस देश आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पलीकडे नेला. त्या वर्षी सामोआत ३० डिसेंबर उजाडलाच नाही. २०१६ च्या निवडणुकीनंतर बहुतेक अपक्षही पक्षात येऊन मिळाले आणि अधिकृत विरोधी पक्षच उरला नाही. इतक्या निर्वेध सत्तेला वचक राहत नाही, हे २०२० मध्ये दिसले. जमीन आणि पदव्यांचे तंटे सोडवणारे न्यायालय सर्वोच्च न्यायालयापासून वेगळे काढणारी तीन विधेयके सरकारने आणली. न्यायव्यवस्थेचे दोन तुकडे होतील, असा आक्षेप वकील आणि न्यायाधीशांनी घेतला. उपपंतप्रधान फियामे नाओमी माताआफा यांनी याच मुद्द्यावर राजीनामा दिला. त्यांचे वडील देशाचे पहिले पंतप्रधान होते, आणि त्या स्वतः १९८५ पासून खासदार. लाआउली लेउआतेआ श्मिट यांनी नुकताच स्थापन केलेला ‘फास्ट’ हा पक्ष फियामे यांच्या नेतृत्वाखाली निवडणुकीत उतरला.

निकाल लागला तेव्हा ५१ पैकी २५ जागा सत्ताधाऱ्यांना, २५ फास्टला आणि एक अपक्षाला, अशी बरोबरी झाली होती. एकूण मतांपैकी निम्म्याहून अधिक मते सत्ताधारी पक्षाकडे होती, तरीही जागा निम्म्या. कारण सोपे होते. बऱ्याच मतदारसंघांत त्या पक्षाने एकाच जागेवर दोन-दोन, तीन-तीन उमेदवार उभे राहू दिले होते. पूर्वी कोणीही निवडून आला तरी जागा पक्षाचीच राहायची, म्हणून ही सवय खपून जात असे. समोर एकास एक उमेदवार देणारा पक्ष आला आणि ती अंगाशी आली.

सगळ्यांचे डोळे लागले अपक्ष तुआला इओसेफो पोनिफासिओ यांच्याकडे. त्यांचा निर्णय जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी निवडणूक आयुक्तांनी सत्ताधारी पक्षाच्या एका पराभूत महिला उमेदवाराला खासदार म्हणून घोषित केले. आधार होता राज्यघटनेतील महिलांच्या किमान दहा टक्के जागांच्या तरतुदीचा. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींत प्रभाग आधीच राखीव ठरतो. सामोआत निकालानंतर महिला कमी पडल्या तर जादा जागा निर्माण करून ती भरली जाते. पाच महिला निवडून आल्या होत्या. ५१ पैकी पाच म्हणजे ९.८ टक्के. मग पाच पुरेशा की सहा हव्यात? दुसऱ्या दिवशी तुआला फास्टला मिळाले आणि बलाबल २६-२६ झाले. राष्ट्रप्रमुखांनी पेच सोडवण्यासाठी २१ मे रोजी फेरनिवडणूक पुकारली.

१७ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने जादा जागाही रद्द केली आणि फेरनिवडणूकही. निवडणुकीपासून ४५ दिवसांत संसद भरलीच पाहिजे, असे राज्यघटना सांगते आणि ती मुदत २४ मे रोजी संपत होती. राष्ट्रप्रमुखांनी त्या दिवशी अधिवेशन बोलावले आणि २२ मे रोजी, शनिवारी, कारण न देता ते मागे घेतले. धर्मनिष्ठ सामोआत रविवारी सगळे व्यवहार बंद असतात, पण त्या रविवारी न्यायाधीश बसले आणि त्यांनी तो आदेश बेकायदा ठरवला.

सोमवारी संसद भवन असलेल्या मुलिनुऊ येथे फास्टचे खासदार जमले. मावळत्या सभापतींनी दारे उघडली नाहीत. झगा घातलेले सरन्यायाधीश सहकाऱ्यांसह चालत आले, दार बंद असल्याची खात्री करून परतले. संध्याकाळी संसदेच्या हिरवळीवर मांडव घालून फियामे आणि त्यांच्या खासदारांनी शपथ घेतली. समोर समर्थक होते, राष्ट्रप्रमुख नव्हते. तुइलाएपा यांनी हा शपथविधी मानला नाही आणि काळजीवाहू म्हणून कारभार चालू ठेवला.

जूनच्या सुरुवातीला अपील न्यायालयाने महिलांचा हिशेब निकाली काढला: दहा टक्के म्हणजे सहाच, पण सहावी जागा सगळ्या निवडणूक याचिका आणि पोटनिवडणुका उरकल्यावरच भरायची. आयुक्तांचे गणित बरोबर होते, घाई चुकीची होती. २३ जुलै रोजी त्याच न्यायालयाने मांडवातली शपथ गरजेपोटी वैध ठरवली आणि २४ मेपासून फास्टचेच सरकार असल्याचे जाहीर केले. तीन दिवसांनी तुइलाएपा यांनी हार मान्य केली. फियामे सामोआच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या, तुआला उपपंतप्रधान. या सगळ्या काळात कोठे गोळी चालली नाही, लष्कराचा प्रश्नच नव्हता, कारण सामोआला लष्कर नाही.

पुढची फूट मात्र फास्टमध्येच पडली. जानेवारी २०२५ मध्ये लाआउली यांच्यावर फौजदारी आरोप ठेवले गेले, फियामे यांनी त्यांना मंत्रिमंडळातून काढले आणि पक्ष दुभंगला. २७ मे रोजी अर्थसंकल्प ३४ विरुद्ध १६ मतांनी पडला, संसद विसर्जित झाली आणि २९ ऑगस्टला मुदतीआधी मतदान झाले. फास्टला ३० जागा मिळाल्या, सप्टेंबरमध्ये लाआउली पंतप्रधान झाले. फियामे यांच्या नव्या पक्षाला तीन जागा मिळाल्या.