टाकी भरल्याचा इशारा : घरच्या घरी जुळणी करण्यापूर्वी

मुळा नदीकाठचे वाकड गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले. शेजारी हिंजवडी येथे माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिल्यानंतर येथील शेतांच्या जागी उंच इमारती आल्या आणि पाण्याची गरज झपाट्याने वाढली. शहराचा मुख्य आधार पवना धरण होय. नोव्हेंबर २०१९ मध्ये महानगरपालिकेने दिवसाआड पाणीपुरवठ्याची पद्धत अवलंबिली. अशा परिस्थितीत एकीकडे टँकर मागवावयाचा आणि दुसरीकडे पंप वेळेवर बंद न झाल्याने गच्चीवरील टाकी वाहू द्यावयाची, हे परवडणारे नाही. टाकी भरताच आवाज करणारे छोटे उपकरण या कामी उपयोगी पडते. शाळेतील कार्यानुभवाच्या तासालाही ते करून घेता येईल.

याची रचना अगदी साधी आहे. बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर, एक किलोओहमचा रोधक, नऊ व्होल्टची बॅटरी, कमी विजेवर चालणारा पिझो बझर आणि दोन तारा एवढेच साहित्य लागते. बॅटरीच्या धन टोकापासून एक तार टाकीत सोडावयाची. दुसरी तार रोधकामार्फत ट्रान्झिस्टरच्या बेसला जोडावयाची. बझर धन टोक आणि कलेक्टर यांच्यामध्ये येतो व एमिटर ऋण टोकाला जातो. पाणी दोन्ही तारांना टेकले की अत्यल्प प्रवाह बेसकडे जातो, ट्रान्झिस्टर तो वाढवितो आणि बझर वाजू लागतो. तारा चुकून एकमेकींना चिकटल्या तरी रोधकामुळे ट्रान्झिस्टर जळत नाही.

जुळणीस पाऊण तास पुरतो. फसते ती बहुधा पूर्वतयारीच्या अभावी. पुण्यात बुधवार पेठेतील पासोड्या विठोबाच्या परिसरात हे सर्व सुटे भाग मिळतात. हत्यारांपैकी पंचवीस वॅटची सोल्डरिंग इस्त्री, तिचा स्टँड, ओला स्पंज, निपर, टोकदार पक्कड व साधा मल्टीमीटर आवश्यक आहेत. इस्त्री स्वस्तातली चालेल, पण स्टँडवाचून काम सुरू करू नये. तीनशे अंशांच्या आसपास तापलेले टोक टेबलावर लोळत राहणे मुलांच्या दृष्टीने फार धोक्याचे आहे.

डाग देण्यापूर्वी प्रत्येक भाग मल्टीमीटरवर तपासावा. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे व पाय खाली धरले असता डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. येथे गफलत झाल्यास उपकरण मुकेच राहते. त्यानंतर संपूर्ण जोडणी ब्रेडबोर्डवर करून पेलाभर नळाच्या पाण्यात तारा बुडवून पाहाव्यात. पाण्यात मीठ घालू नये. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे पेल्यात वाजणारा बझर टाकीत मात्र गप्प राहण्याचा संभव असतो.

डाग देताना तार इस्त्रीवर वितळवून थेंब टाकण्याची सवय सर्वत्र दिसते. ती चुकीची आहे. टोकाने भागाचा पाय व पट्टीवरील तांबे दोन-तीन सेकंद एकत्र तापवावे, मग सोल्डरची तार सांध्याला लावावी. चांगला सांधा गुळगुळीत व चकचकीत दिसतो. मळकट गोळा बनल्यास तो कच्चा समजावा. ट्रान्झिस्टरचा पाय पकडीत धरल्यास जास्तीची उष्णता पकडीत जाते.

नेहमीच्या सोल्डरमध्ये साठ भाग कथील व चाळीस भाग शिसे असते. निघणारा धूर मुख्यतः राळेचा असतो. त्यासाठी खिडकी उघडी ठेवावी. शिसे मात्र हातांवाटे पोटात जाते. म्हणून काम चालू असताना खाणेपिणे वर्ज्य करावे, काम संपताच साबणाने हात धुवावेत व स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम मुळीच करू नये.

बॅटरीऐवजी मोबाइलचा चार्जर वापरण्याचा मोह होतो. हलक्या प्रतीच्या चार्जरमध्ये बिघाड झाल्यास २३० व्होल्ट थेट टाकीच्या पाण्यापर्यंत पोहोचू शकतात. हे उपकरण बॅटरीवरच चालवावे. एरवी ते जवळजवळ वीज खात नसल्याने बॅटरी कित्येक महिने टिकते.

टाकीतील टोके स्टेनलेस स्टीलची घ्यावीत. तांब्याची घेतल्यास धन टोक प्रवाहामुळे हळूहळू झिजते आणि तांबे पाण्यात उतरते. टोके एक-दोन सेंटिमीटर अंतरावर, ओव्हरफ्लोच्या नळीच्या किंचित खाली बसवावीत, म्हणजे ती पाण्यात क्षणभरच राहतील. महिन्यातून एकदा ती धातूच्या चमच्याने जोडून बझर वाजतो की नाही हे पाहावे. संपलेली बॅटरी ओल्या कचऱ्यात टाकू नये. ती ई-कचऱ्याबरोबर वेगळी द्यावी.