रोजचे फोटो, चार जणांत

पावसाळ्यात शनिवार-रविवारी पौडवरून ताम्हिणी घाटाकडे गाड्यांची रांग लागते. त्यातले बहुतेक जण एकच फोटो घेऊन परततात: मागे धबधबा, पुढे आपण. त्यांचा आनंद खरा असतो. पण आम्हा मुळशीत राहणाऱ्या काही हौशी माणसांना वेगळ्याच फोटोंची ओढ आहे. बांधावर वाळत घातलेलं घोंगडं, एसटीच्या थांब्यावर भिजलेली दप्तरं, डोक्यावर तरव्याच्या पेंढ्या घेऊन निघालेल्या बाया, दुधाच्या कॅनवर पडलेलं सकाळचं ऊन, असे फोटो. ते काढणं जितकं महत्त्वाचं, तितकंच ते चार जणांत ठेवून त्यांच्यावर बोलणं महत्त्वाचं, असं मी ठामपणे मानते.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्यात पिरंगुटच्या कारखान्यात पाळीवर जाणारा एक तरुण आहे, दूध गोळा करणारे एक दादा आहेत, दवाखान्यातल्या सिस्टर आहेत आणि कोळवण खोऱ्यातले एक भातशेतकरी काका आहेत. कॅमेरा दोघांकडेच, बाकीचे मोबाइलवर काढतात. महिन्यातल्या एका रविवारी कुणाच्या तरी ओसरीवर आम्ही बसतो. प्रत्येकानं तीनच फोटो आणायचे, तेही चार बाय सहाच्या कागदावर छापून. मोबाइलवर बोट सरकतं आणि फोटो निघून जातो. कागदावरचा फोटो हातात राहतो, त्यामुळे त्याच्याकडे नीट बघावंच लागतं.

आमचा नियम साधा आहे. ज्याचा फोटो, त्यानं आधी गप्प राहायचं. बाकीच्यांनी ‘भारी’, ‘मस्त’ असं न म्हणता काय दिसतंय ते सांगायचं: नजर आधी कुठे गेली, कुठे अडली, काय नको होतं. मग फोटोवाल्यानं त्याला काय दाखवायचं होतं ते सांगायचं. या दोन्हींत जे अंतर निघतं, तिथेच शिकायला मिळतं.

एका उन्हाळ्यात सिस्टरांनी काळ्या, जळालेल्या जमिनीच्या तुकड्याचा फोटो आणला होता. बघणाऱ्यांना वाटलं, वणवा लागला. काका म्हणाले, “मॅडम, वणवा कशाचा? राब भाजलाय तो.” मग त्यांनी सगळं समजावलं. शेण, पालापाचोळा, झाडांच्या फांद्या पसरून वर मातीचा थर द्यायचा आणि सावकाश जाळायचं. तणाचं बी मरतं, राख जमिनीत मिसळते. पावसाच्या तोंडावर तिथेच भाताचं बी पेरायचं. रोपं वाढली की ती उपटून चिखल केलेल्या खाचरात लावायची. कारखान्यातल्या तरुणानं सुचवलं, की चौकटीत शेजारचा हिरवा बांध आणि मागचं घर आलं असतं, तर हे जाळणं मुद्दाम केलेलं आहे हे फोटोतच कळलं असतं. सिस्टर आता त्याच जागेचे फोटो पेरणीला, लावणीला आणि झोडणीला काढतात. एका फोटोवरच्या बोलण्यातून अख्ख्या हंगामाची मालिका उभी राहिली.

तंत्राचं बोलणंही असंच फोटोतून निघतं. धुक्याचा फोटो मळकट राखाडी का येतो? कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून उजेड मोजतं. चौकटभर पांढरं धुकं असलं की त्याला उजेड जास्त वाटतो आणि फोटो काळवंडतो. अशा वेळी एक्स्पोजर एक स्टॉपपर्यंत वाढवावं. मोबाइलवर पडद्याला बोट लावून उजेडाची खूण वर सरकवली की तेच होतं. ओढ्याच्या पाण्याचे थेंब सुटे दिसायला हवे असतील, तर शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान हवं. पाणी वस्त्रासारखं दिसायला हवं असेल, तर १/४ सेकंद आणि कॅमेरा तिवईवर घट्ट. इथल्या दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते. म्हणून पावसाळ्यात कॅमेरा कापडी पिशवीत न ठेवता हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायचा.

काही गोष्टी बोलून ठरवल्या. पावसाच्या तोंडावर काजवे चमकतात, तेव्हा तिथे फ्लॅश आणि टॉर्च वापरायचा नाही. नर-मादी उजेडाच्या खुणांनी एकमेकांना शोधतात, आपल्या झोतानं त्यात व्यत्यय येतो. ताम्हिणी २०१३ पासून अभयारण्य आहे. शेकरूच्या घरट्याजवळ जाऊन फोटो काढण्याचा मोह तिथे टाळायचा. आणि शेतातल्या बाईचा फोटो तिला विचारूनच काढायचा, छापलेली एक प्रत तिच्या हातात द्यायची.

फोटो चार जणांत ठेवून बघण्याची चाल आपल्याकडे नवी नाही. फोटो काढण्याची पद्धत पॅरिसमध्ये १९ ऑगस्ट १८३९ रोजी जाहीर झाली आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफीची संस्था स्थापन झाली होती. तिचे सभासद एकत्र जमत आणि काढलेली चित्रं एकमेकांपुढे ठेवत. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या संस्थेत होते. पेशानं वैद्य, हातात कॅमेरा आणि डोळ्यांसमोर मुंबईतली साधी माणसं. हौशी फोटोवाल्यांच्या चित्रांचा एक संग्रह १८५६ पासून मुंबईत भागाभागानं प्रसिद्धही होत होता. जड लाकडी कॅमेरे आणि रसायनांच्या बाटल्या सांभाळणाऱ्या त्या माणसांनाही एकट्यानं बघणं पुरेसं वाटलं नाही.

मुळशीला तर साध्या फोटोंची गरज जास्तच आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, इथे सत्याग्रह सुरू झाला. पुढे सेनापती बापटांनी त्याचं नेतृत्व केलं. तरीही धरण झालं आणि १९२७ साली त्याच्या पाण्यावर भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. गावं पाण्याखाली गेली. कोडकनं एक डॉलरचा ब्राउनी कॅमेरा १९०० सालीच बाजारात आणला होता, पण मावळातल्या शेतकऱ्याच्या हाती कॅमेरा यायला अजून कित्येक वर्षं होती. सत्याग्रहाचा इतिहास पुस्तकांत आहे. त्या गावांतली ओसरी, पाणवठा, बैलांची दावण डोळ्यांपुढे आणायला मात्र म्हाताऱ्या माणसांच्या ऐकीव गोष्टींवरच विसंबावं लागतं.

आज पुन्हा सगळं झपाट्यानं बदलतंय. भूगाव-पिरंगुटकडे इमारती उठतायत, खाचरांना तारेची कुंपणं पडतायत. लावणीच्या फोटोंत पावसात पांघरायचं इरलं क्वचित दिसतं, अंगावर निळा प्लॅस्टिकचा कागद असतो. तो निळा कागदही उद्या जाईल. आज तो इतका नेहमीचा आहे, की त्याचा फोटो काढावा असं कुणाला वाटत नाही. म्हणूनच तो काढायला हवा.

आपल्या गावातही हे सहज सुरू करता येईल. चार माणसं पुरतात, पण चौघं चार वेगळ्या कामांतली असावीत. फोटो छापून आणा, पाहा, बोला. मग प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीनं तारीख, गाव, शिवाराचं नाव आणि काय चाललंय ते लिहा. हे शेवटचं काम टाळू नका. राब भाजल्याच्या फोटोमागे तसं लिहिलेलं नसेल, तर पन्नास वर्षांनी बघणारा त्याला वणवाच समजेल.