माजघरापर्यंत रेंज

२०२४च्या दिवाळीआधी, साफसफाईच्या आठवड्यात, ओटीवरच्या कोनाड्यातला राऊटर उतरवला. पांढरा, दोन कानांचा, २०१३ साली घेतलेला. सासूबाईंनी क्रोशाने विणलेल्या रुमालावर तो अकरा वर्षं बसून होता; उचलल्यावर रुमालावर चार पायांचे चार पिवळट ठसे दिसले. तेवढ्या काळात घरात मोबाईल किती बदलले ते मुलीने मोजायला घेतलं, तर दोन्ही हातांची बोटं संपली. राऊटर बदलायचं मात्र कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो बिघडू शकतो हेच मुळी आम्हाला मान्य नव्हतं. बिघडायची ती लाईन.

साताऱ्यात मंगळवार पेठेतलं हे घर. विजेनंतर या घरात आलेली तार टेलिफोनची, १९८८ मधली. अप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, अर्ज केल्यावर सहा वर्षांनी आलेली. नंबर तेव्हा पाच आकडी, पुढे आधी २ लागून सहा आकडी झाला. अप्पांना त्या नंबराचा अभिमान सातबाऱ्याइतका. तो दारावरच्या पाटीवर होता, लग्नपत्रिकांवर होता, छत्रीच्या दांड्यावरही त्यांनी कोरून घेतला होता. फोन ओटीवर आणि एक पॅरलल माजघरात, कारण दुपारी सासूबाईंच्या माहेरचे फोन यायचे. ओटीवरून माजघरात जाणारी तार तुळईच्या कडेने, खिळ्याखिळ्याला अडकवत नेलेली. भिंत आडवी आली तिथे पहारीने भोक पाडलेलं.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं ते चार महानगरांत. मी २००२ मध्ये लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते आमच्या ओटीपर्यंत पोचलेलं होतं, पण फोनच्या तारेवर उपऱ्यासारखं. मोडेमने शिट्ट्या मारायला सुरुवात केली की फोन एंगेज. मावशींचा फोन लागत नाही म्हणून एकदा त्या स्वतःच कोरेगावहून रिक्षा करून आल्या होत्या.

जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं आणि आमच्याकडे वर्षभरात आलं. फोनच्या तारेला स्प्लिटर नावाची चिमुकली डबी लागली. तिच्यातून एक वाट फोनला, एक मोडेमला. सरकारच्या २००४च्या धोरणानुसार ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस. आजच्या मोबाईलवरचा एक चार एमबीचा फोटो त्या वेगाने उतरवायचा तर दोन मिनिटं लागतील. आम्हाला ते विमान वाटलं. आमच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ वापर मोफत होता, म्हणून नवरा गजर लावून दोनला उठायचा, डाउनलोड लावायचा आणि परत झोपायचा. मधेच लोडशेडिंग झालं की सगळं पहिल्यापासून.

वायरलेस मोडेम आला २००८ मध्ये. बसवायला आलेल्याने विचारलं, पासवर्ड काय ठेवू? दहा आकडे लागतील. त्या काळातल्या वेप नावाच्या कुलपाची साधी किल्ली दहा अक्षरांची असे, शून्य ते नऊ आणि ए ते एफ, एवढ्यातलीच. आम्ही तोंडाकडे बघत राहिलो. अप्पा आतून म्हणाले, "आपला नंबर घाला की. एसटीडी कोडसकट." साताऱ्याचा कोड ०२१६२, पुढचं शून्य काढलं की उरतात चार आकडे, आणि सहा आकडी नंबर. बरोब्बर दहा. अप्पांना यात योगायोग दिसला नाही, त्यांना ते रीतसरच वाटलं.

कुलूप तकलादू होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. वेप मोडता येतं हे २००१ मध्येच सिद्ध झालं होतं आणि २००७ मध्ये जर्मनीत डार्मश्टाटच्या संशोधकांनी ते मिनिटाच्या आत उघडून दाखवलं होतं. म्हणजे आमच्या दाराला कडी बसली तीच मुळी गंजलेली. पण त्या वर्षी कडी असणं हीच मोठी गोष्ट होती. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळी धमकीची मेल गेली ती नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थांच्या उघड्या वाय-फायवरून. पोलीस त्यांच्या दारात. ही बातमी वाचून अप्पा आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, आमचं बंद आहे, नंबर घातलाय.

२०१३ मध्ये तो मोडेम विजेच्या कडकडाटात गेला. सासूबाई आभाळ गडगडलं की सगळ्या पिना काढतात. त्या दिवशी त्या नेमक्या बाहेर होत्या. मग साधा मोडेम आणि वेगळा राऊटर अशी जोडी आली. खोक्यावर ठळक अक्षरांत ३०० एमबीपीएस. हा आकडा हवेतल्या वेगाचा, तोही कागदावरचा. मागची वायरची भोकं मात्र १०० एमबीपीएसचीच होती, म्हणजे नळ तीन इंची आणि पाईप एक इंची. तेव्हा आमची लाईन दोन एमबीपीएसची, त्यामुळे कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. जात 'एन', २००९ मध्ये मान्य झालेली. २०१८ मध्ये वाय-फायच्या संघटनेने या जातींना सोपे क्रमांक दिले, तेव्हा आमच्या राऊटरला पाच वर्षं नोकरी झाल्यावर समजलं की आपण 'वाय-फाय ४' आहोत. नवीन राऊटरच्या कुलपाला किमान आठ अक्षरं लागत होती, अप्पांच्या नंबरात दहा होतीच. पासवर्ड तोच राहिला. नेटवर्कचं नाव 'ओटी'.

आणि नाव शोभणारंच होतं, कारण रेंज ओटीची. या घराच्या भिंती दगडमातीच्या, दोन फुटी. पहिल्या भिंतीपलीकडे निम्मे दांडे, माजघरात एक, स्वयंपाकघरात शून्य. पावसाळ्यात भिंतींनी ओल धरली की रेंज आणखी एक खोली मागे सरकायची. मधल्या खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या मागे तर बारा महिने अंधार. हळूहळू घर त्या कोनाड्याभोवती बसायला लागलं. आरामखुर्ची सरकली, मुलीचं अभ्यासाचं टेबल जिन्याखाली आलं. पाहुणे दोन दिवसांत शिकायचे की व्हॉट्सअॅप बघायचं तर झोपाळ्याच्या डाव्या टोकाला बसायचं. मधे एक रिपीटर आणून पाहिला. पण तो एकाच रेडिओने ऐकतो आणि त्याच रेडिओने पुन्हा सांगतो, त्यामुळे निम्मा वेळ ऐकण्यात जातो. माजघरात दांडे आले चार आणि वेग आला बैलगाडीचा. तो रिपीटर अजून माळ्यावर आहे.

अप्पा २०१७ मध्ये गेले. २०१९ मध्ये फायबर आलं आणि तांब्याच्या तारेवरचा फोन आम्ही परत केला. तो अर्ज नवऱ्याने भरला, सही करताना दोनदा पेन खाली ठेवलं. लाईन एकदम १०० एमबीपीएस झाली. फायबरवाल्यांचा वेगळा डबा भिंतीवर लागला आणि त्याच्यापुढे आमचा जुना राऊटर, त्याच रुमालावर. लाईन पन्नास पटींनी वाढली आणि दाराशी उभा तोच जुना दरवान.

त्याची खरी परीक्षा २०२०च्या टाळेबंदीत झाली. नवरा कॉलेजात शिकवतो, त्याचे तास ओटीवरून. मुलीची नववी जिन्याखाली. मी लोकांचे हिशेब बघते, जीएसटीची विवरणपत्रं भरते. मला जागा मिळाली देवघराच्या उंबऱ्याशी, कारण तिथपर्यंत दोन दांडे यायचे. वाय-फायची एक गंमत आहे: एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. त्यात शेजारीपाजारी सगळ्यांनी त्याच महिन्यांत वाय-फाय घेतलेलं. एकदा मोजले तर ओटीवर सतरा नेटवर्कं दिसत होती. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल असतात तीनच, १, ६ आणि ११. सतरा घरं, तीन बोळ. वर स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात गुरगुरतो. साडेबाराला भात गरम करायला लावला की नवऱ्याचा चेहरा पडद्यावर तोंड उघडं ठेवून थिजायचा.

शिव्या मात्र खायची फायबर कंपनी. २०२२पासून रोज संध्याकाळी नेट जायचं आणि रोज आम्ही राऊटर बंद करून चालू करायचो. मी दहा आकडे मोजायचे. मुलगी मोजायचीही नाही. सासूबाई दिवेलागणीला बटण बंद करून रामरक्षा म्हणायच्या आणि ती संपली की चालू करायच्या. त्यांनी चालू केलेलं नेट रात्री झोपेपर्यंत टिकायचं, आमचं तासाभरात परत जायचं. आम्ही हसायचो. त्या हसायच्या नाहीत.

सप्टेंबर २०२४ मध्ये मी चौथी तक्रार केली तेव्हा एक विशीतला मुलगा आला. त्याने वाद घातला नाही. लॅपटॉप काढला, आमच्या राऊटरची वायर उपटून थेट फायबरच्या डब्याला लॅपटॉप जोडला. आकडा आला ९७. मग वायर परत लावली, कोनाड्यासमोर हातभर अंतरावर उभा राहिला आणि वाय-फायवर मोजलं. ११. पुन्हा मोजलं. ९.

"काकू, लाईन ओके आहे. तुमचा डबाच म्हातारा झालाय."

त्याने राऊटर उचलला आणि लगेच हात बदलला. तो इतका गरम होता. उलटा करून दाखवला: हवा खेळायच्या सगळ्या फटी खालच्या बाजूला, आणि त्या फटींत क्रोशाच्या दोऱ्याची लव आणि अकरा वर्षांची धूळ, नमद्यासारखी बसलेली. राऊटर रोज तापून बंद पडत होता. आमच्या दहा आकड्यांत तो गार होत नसे, रामरक्षेच्या दहा मिनिटांत होत असे. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे नव्याला रुमाल विणायचा नाही?"

मुलीने त्याच संध्याकाळी राऊटरच्या आतल्या पानावर शिरायचा प्रयत्न केला. १९२.१६८.१.१, नाव अॅडमिन, पासवर्ड अॅडमिन. पहिल्या झटक्यात आत. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रकाराने जगभरचे कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले होते ते अशाच कारखान्यातून आलेल्या पासवर्डांची यादी घोकत, आणि त्यांच्या जोरावर त्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या बड्याबड्या साईट काही तास आडव्या केल्या होत्या. आमचा डबा त्यात होता की नव्हता, देव जाणे. कंपनीने त्याचे अपडेट केव्हाच बंद केले होते. लोकांचे जीएसटीचे पासवर्ड सांभाळणारी मी, आणि माझ्याच कोनाड्यात ही अवस्था. एवढ्या वर्षांत मला खरी लाज वाटली ती तेव्हा.

नवा घेताना दुकानदार वाय-फाय ७ दाखवत होता. आमच्या घरात ते समजणारं एकही उपकरण नाही, म्हणून ६वर थांबले. महत्त्वाचं होतं ते ५ गिगाहर्ट्झ. आपल्याकडे त्या पट्ट्याचा मोठा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये विनापरवाना झाला आणि तिथे गर्दी कमी. पण तो भिंतीपुढे आणखीच हात टेकतो. दोन फुटी भिंतींवर उपाय महागडा डबा हा नव्हताच. उपाय वायर हा होता: एक राऊटर ओटीवर, त्याचा जोडीदार माजघरात, मधे लॅनची वायर.

भिंत फोडायला इलेक्ट्रिशियन तयार नव्हता, माती पडत राहील म्हणाला. मग त्याला तुळईच्या कडेला पॅरललची जुनी तार दिसली. माजघरातल्या टोकाला त्याने नवी निळी वायर बांधली, वर चिकटपट्टी गुंडाळली, थोडा तेलाचा हात लावला. नवरा ओटीवर शिडीवर चढून जुनी तार ओढायला लागला आणि इलेक्ट्रिशियन मागून निळी वायर सोडत गेला. भिंतीतल्या भोकात ती एकदा अडकली. दोघांनी "मागे, मागे, आता ओढा" केलं आणि ती आली. ३६ वर्षांपूर्वीची तार बाहेर येऊन ओटीवर पडली, वेटोळं करून. सासूबाईंनी ती कचऱ्यात टाकू दिली नाही, परसात तोंडल्याच्या मांडवाला बांधली.

स्वयंपाकघरात आता ८० येतात. पहिल्या दिवशी सगळे आपापल्या खोलीत गेले आणि ओटीवर सासूबाई एकट्या उरल्या. तिसऱ्या दिवशी झोपाळ्याच्या डाव्या टोकावर पुन्हा कुणी ना कुणी बसलेलं होतं. सवय, दुसरं काय.

जाणकार सांगतात की नव्या राऊटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, सगळी उपकरणं आपोआप जोडली जातात. मी तेच करणार होते. मुलगी आडवी आली. टेलिफोनचा नंबर हा काय पासवर्ड झाला, जुन्या लग्नपत्रिकेवर छापलेला! तिचं बरोबर होतं. नवं नाव 'माजघर', नवा पासवर्ड लांबलचक, मलाही पाठ नाही. फोन, लॅपटॉप, टीव्ही, एकेक करून सगळ्यांत भरला.

गीझर ऐकेना. न्हाणीघरातल्या गीझरला भाच्याने स्मार्ट स्विच बसवून दिला होता, सासूबाईंना पहाटे गरम पाणी लागतं म्हणून. त्याचं खातं भाच्याच्या फोनवर आणि भाचा आता जर्मनीत. स्विचला ओळखीचं नेटवर्क एकच, 'ओटी', आणि पासवर्ड एकच. दोन दिवस सासूबाई काळोखात उठून हाताने बटण दाबत होत्या. शेवटी मुलीनेच तोड काढली: नव्या राऊटरवर पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क करता येतं, घरच्या नेटवर्कापासून तोडलेलं. त्याला जुनं नाव दिलं, जुना पासवर्ड दिला, २.४वर ठेवलं.

त्या नेटवर्कावर आता तो एकटाच असतो. पहाटे साडेपाचला अप्पांचा नंबर लागतो आणि सहाला पाणी तापलेलं असतं.