ज्याचा हात मशिनीत, त्याच्याच खिशात किल्ली

कापसाचा हंगाम सुरू झाला की आम्हाला एका तरुणाची आठवण होते. आमच्याच यावल तालुक्यातला, बौद्ध वस्तीतला. बापाचे छत्र नाही, दहावीनंतर शाळा सुटलेली. दिवाळी झाली आणि मुकादमाने त्याला जिनिंगवर नेले. एका रात्री जिनखालून सरकी वाहून नेणारा स्क्रू तुंबला. मशीन बंद केली गेली. पोरगा खाली उतरला आणि हाताने सरकी ओढू लागला. तेवढ्यात पाळी बदलली. नव्या पाळीवरच्या माणसाने बंद स्विच पाहिला, माल खोळंबलाय म्हणून चालू केला. खाली कोणी आहे हे त्याला माहीत नव्हते आणि माहीत व्हावे अशी एकही खूण तेथे नव्हती. पोराचा उजवा हात मनगटापासून गेला.

त्याची आई आमच्याकडे आली तेव्हा म्हणाली, "भाऊ, नशिबात होतं ते झालं. मागच्या जन्माचं काही असंल." आणि जिनिंगवाल्यांचे म्हणणे काय? तर "मशिनीत हात घातलाच कशाला? त्याचीच चूक." आई नशिबाला दोष देते, मालक पोराला दोष देतो. दोघांच्याही बोलण्यातून एकच गोष्ट सुटते, ती म्हणजे तो स्विच!

वाचकहो, आम्ही बुद्धाच्या धम्माचे अनुयायी आहोत. कारणाशिवाय काही घडत नाही, आणि कारण नाहीसे केले की परिणामही नाहीसा होतो, हे आम्हाला भगवंतांनी शिकवले. मग हात तुटण्याचे कारण मागच्या जन्मात शोधायचे की भिंतीवरच्या पॅनेलवर? त्या पॅनेलवर एक साधे कुलूप असते आणि किल्ली त्या पोराच्या खिशात असती तर आज तो दोन्ही हातांनी भाकरी खाल्ला असता. पाचपन्नास रुपयांचे कुलूप! तेवढ्यासाठी एका माणसाचा हात गेला.

हे आम्ही भावनेच्या भरात लिहीत नाही. हा कायदा होता. फॅक्टरी ॲक्ट १९४८ च्या कलम २४ मध्ये १९८७ साली एक पोटकलम घातले गेले. त्याचा अर्थ असा की, वीज तोडण्याचे साधन चुकून 'बंद'वरून 'चालू'वर जाऊ शकत असेल, तर ते बंद स्थितीतच कुलूपबंद करण्याची सोय कारखान्यात असली पाहिजे. भोपाळच्या वायुकांडानंतर झालेल्या दुरुस्त्यांतली ही एक. अमेरिकेसारख्या देशातही याविषयीचा सविस्तर नियम १९८९ साली आला. तो नीट पाळला तर दरवर्षी सुमारे १२० मृत्यू आणि ५० हजार जखमा टळतात असा तेथील सरकारी यंत्रणेचा अंदाज आहे. म्हणजे आपल्या कायद्यातली कुलपाची ओळ त्यांच्या नियमाच्या दोन वर्षे आधीची! पण आमच्या भागातल्या किती जिनिंगांत, किती दाल मिलमध्ये, किती चटईच्या कारखान्यांत ते कुलूप लटकलेले कोणी पाहिले आहे?

कामगार न्यायालयात आम्ही मालकाच्या साक्षीदाराला तीनच प्रश्न विचारले. स्विच बंद कोणी केला? चालू कोणी केला? आणि या दोन्हींच्या मध्ये स्विचवर काय होते? तिसऱ्या प्रश्नावर उत्तर आले, "कुलूप लावायची आमच्याकडे पद्धत नाही." आमच्या मते खटला तेथेच संपला होता. पण पोराचे नाव हजेरीत नव्हते, मुकादम त्याला ओळखायला तयार नव्हता, आणि टक्केवारीचा वाद उभा राहिला. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात माणसाच्या अवयवांचा हिशेब मांडलेला होता. अंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची चार बोटे गेली तर ५० टक्के, पंजा गेला तर ६० टक्के. आम्ही प्रतापनारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे ठेवला. त्यात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची शक्ती शंभर टक्के गेली असे न्यायालयाने मानले. हमाली आणि मशिनीवरचे काम तरी एका हाताने कुठे होते? निकाल आमच्या बाजूने लागला. पण त्याला वर्षे लागली, आणि न्यायालय पैसे देऊ शकते, हात देऊ शकत नाही.

जिनिंगचा मजूर कायद्याच्या दाराबाहेर उभा आहे, तो काही आजच नाही. पहिला फॅक्टरी कायदा १८८१ साली आला. तो शंभर आणि त्याहून अधिक कामगारांच्या, आणि वर्षात चार महिन्यांपेक्षा जास्त चालणाऱ्या कारखान्यांनाच लागू होता. हंगामी जिनिंग त्यातून आपोआप निसटल्या. पुढे मुंबईच्या फॅक्टरी कमिशनपुढे १८८४-८५ मध्ये साक्षी झाल्या, त्यांत आमच्या खानदेशच्या जिनिंगची कहाणी आहे. माणसे पहाटे चार-पाचला कामाला लागत आणि रात्री सात-आठ-नऊला सुटत. तेजीच्या दिवसांत तर तीच माणसे दिवसरात्र राबत. त्याच १८८४ साली महात्मा जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारला दिले. त्यात आठवड्याच्या सुट्टीबरोबर हेही मागितले होते की, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि जन्माचा अपंग झालेल्याच्या पोटाची सोय व्हावी. नुकसानभरपाईचा कायदा व्हायला त्यानंतर ३९ वर्षे जावी लागली.

परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. मजूर आणि वीज ही दोन्ही खाती त्यांच्याकडे होती, हे आपले लोक विसरतात. ज्या माणसाने देशाच्या विजेचे नियोजन मांडले त्याच माणसाने आठवड्याच्या ४८ तासांचा कायदा आणला. वीज आणि ती वापरणारा मजूर यांचा विचार त्यांनी एकत्र केला. कामगार विम्याची पायाभरणीही त्यांच्याच खात्यात झाली. पण पुढे १९४८ साली विमा कायदा झाला तेव्हा 'हंगामी कारखाने' त्यातून वगळले गेले, आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत पहिलेच नाव कापसाच्या जिनिंगचे आले! साखरही त्यातच. म्हणजे खानदेशच्या मजुराला ज्या दोन उद्योगांत काम मिळाले, नेमके तेच दोन उद्योग बाहेर. आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखाना बाहेरच ठेवला आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४८ चा फॅक्टरी ॲक्ट इतिहासजमा झाला. नव्या सुरक्षा संहितेत विजेवर चालणारा कारखाना म्हणजे २० कामगारांचा. जुन्या केंद्रीय कायद्यात हा आकडा १० होता. मशिनीला कुंपण, चालत्या मशिनीजवळचे काम, वीज तोडण्याची साधने, ही सारी कलमे जुन्या कायद्यात सविस्तर लिहिलेली होती. नव्या संहितेच्या अनुसूचीत या विषयांची नुसती नावे आहेत, तपशील मानकांवर आणि नियमांवर सोडला आहे. एक गोष्ट चांगली आहे, तीही सांगितली पाहिजे. कसूर करून कामगाराचा जीव घेणाऱ्या मालकाला कैद किंवा किमान पाच लाख दंड, आणि त्या दंडाचा निम्मा तरी भाग वारसांना द्यावा असे न्यायालय सांगू शकते. पण हे सारे माणूस मेल्यानंतरचे. मरण्याआधीचे काय?

आणि हा प्रश्न फक्त कारखान्यांचा नाही. आमच्या केळीच्या पट्ट्यात विहिरीवरच्या मोटारीला 'ऑटो' लावलेला असतो. रात्री-अपरात्री लाइट येते आणि मोटार आपोआप सुरू होते. लाइट नाही म्हणून जो सालदार मोटारीचे झाकण उघडून बसला आहे, त्याला त्या ऑटोने मारले तर दोष कोणाचा? गावोगाव 'झिरो वायरमन' आहेत. ना नेमणूक, ना पगार, ना हातमोजे. डीपीचा फ्यूज गेला की लोक त्यालाच खांबावर चढवतात. फिडर बंद आहे असे फोनवर कळते, आणि दुसऱ्या टोकाला कोणीतरी चालू करतो. लेखी परवाना नाही, तारेला अर्थिंग नाही. इकडे भुसावळला जाऊन पाहा. रेल्वेच्या २५ हजार व्होल्टच्या तारेवर काम करायचे तर आधी पॉवर ब्लॉक घेतात, लेखी परवाना देतात, तार अर्थ करतात, मगच माणूस वर चढतो. नियम तोच, वीज तीच. तेथे माणसाच्या जिवाला किंमत आहे, आणि तापीच्या या बाजूला खांबावर चढणाऱ्याला नाही का?

मोठे कारखाने सुटले आहेत असेही नाही. १ नोव्हेंबर २०१७ रोजी उत्तर प्रदेशातील ऊंचाहारच्या औष्णिक केंद्रात बॉयलरमध्ये राखेचे थर साचले होते. संच पूर्ण बंद न करताच ते काढण्याचे काम चालले. स्फोट झाला, चाळीसच्या आसपास माणसे भाजून मेली. उत्पादन थांबू नये म्हणून माणूस थांबला!

धोक्याच्या जागी कोण उतरतो, हेही या देशात जात ठरवते. मुंबईच्या गिरण्यांत तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत. पगाराची जागा विटाळाने बंद आणि घाणीची, धोक्याची जागा उघडी. आज विटाळ कोणी बोलून दाखवत नाही. पण कन्व्हेयरखाली, गटारात, खांबावर जे उतरतात-चढतात त्यांची आडनावे मोजा. बौद्ध, तडवी, पावरा, कोळी, मातंग. बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. त्या कन्व्हेयरखाली ते दोघे एकत्र भेटतात.

मग करायचे काय? आमच्या कार्यकर्त्यांनी पाठ करून वस्तीवस्तीत सांगावे असे हे सोपे आहे. मशिनीत हात घालण्यापूर्वी सगळ्यांना सांगा. मशीन थांबवा. मेन स्विच बंद करा. ज्याचा हात आत जाणार त्यानेच त्यावर कुलूप लावावे, आपल्या नावाची पाटी अडकवावी आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी. चार जण आत असतील तर चार कुलपे. वीज बंद झाली म्हणजे शक्ती संपली असे नाही. फिरते चाक थांबू द्या, प्रेसचा दाब सोडा, वर उचललेले वजन खाली टेकवा किंवा आधार द्या, वाफ काढून टाका. शेवटी चालू करायचे बटन दाबून पाहा. मशीन हललीच नाही, तरच हात घाला. आणि ज्याने कुलूप लावले त्यानेच ते काढायचे. मालक आला, मुकादम आला, तरी किल्ली द्यायची नाही.

मालक म्हणेल, वेळ जातो. पाच मिनिटे जातात. त्या पोराचे उरलेले सारे आयुष्य गेले, त्याचा हिशेब कोणत्या वहीत आहे? सरकारकडे आमची मागणी सरळ आहे. कुलपाचा नियम वीसपेक्षा कमी माणसांच्या कारखान्यालाही लागू करा. जिनिंग आणि साखरेच्या मजुराला विम्याच्या आत घ्या. झिरो वायरमनला एकतर रीतसर नेमा, नाहीतर कोणालाही तसे खांबावर चढवू नका. आणि आमच्या समाजाकडे मागणी अशी की, जयंतीच्या वर्गणीतून दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढा आणि हंगामाला निघणाऱ्या प्रत्येक तरुणाच्या हातात एक कुलूप आणि एक किल्ली द्या.

तो पोरगा आता डाव्या हाताने सही करायला शिकला आहे. गेल्या हंगामात तो आमच्याबरोबर वस्तीतल्या बैठकीला आला होता. जिनिंगला निघालेल्या पोरांसमोर तो काही फार बोलला नाही. खिशातून एक कुलूप काढून समोर ठेवले आणि म्हणाला, "हे लावल्याशिवाय हात घालू नका." सत्तेची किल्ली हाती घ्या असे बाबासाहेब आपल्याला सांगून गेले. ती मिळेल तेव्हा मिळेल. पण स्विचची ही किल्ली आजच आपल्या खिशात असू शकते.

जयभीम!