सोवेटोतील किशोरी आणि स्थूलतेविषयीचे भ्रम

आफ्रिका म्हटले की दुष्काळाने खंगलेले बालकच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते, आणि म्हणून त्या खंडातील शहरवासी मुलामुलींना स्थूलतेचे भय आहे, हे विधान आपल्याला विपर्यस्त वाटते. परंतु दक्षिण आफ्रिकेच्या २०१६ सालच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत प्रौढ स्त्रियांपैकी सुमारे ६८ टक्के, तर पुरुषांपैकी ३१ टक्के अतिवजनाचे अथवा स्थूल आढळले. आणि ही तफावत पौगंडावस्थेतच पडू लागते, हे योहान्सबर्ग शहरात आणि त्याच्या सोवेटो या उपनगरात १९९० साली जन्मलेल्या तीन हजारांहून अधिक मुलांचा जन्मापासून मागोवा घेणाऱ्या अभ्यासाने दाखवून दिले आहे.

भूक आणि स्थूलता एका घरात नांदत नाहीत, हाही भ्रमच होय. बालपणीच्या कुपोषणाने ज्यांची उंची खुंटली, अशा मुलांत पुढे अतिवजनाचे प्रमाण अधिक असते, असे दक्षिण आफ्रिकेसह चार देशांच्या तुलनेत १९९६ सालीच आढळले होते.

स्थूलता हे सुबत्तेचे लक्षण, हा समज तर सर्वांत अन्यायकारक. सोवेटोतील ‘कोटा’, म्हणजे पाव लादी पोखरून तीत तळलेले बटाटे, पोलोनी नावाचे स्वस्त मांस आणि हिंदी मजुरांच्या वंशजांनी तेथे रुजवलेले आंब्याचे लोणचे भरून केलेला पदार्थ, मुले घेतात तो चैन म्हणून नव्हे, तर थोड्या पैशांत पोट भरते म्हणून. आणि सोबतच्या अर्ध्या लिटर कोलात सुमारे ५३ ग्रॅम साखर असते, जिच्यापुढे जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची दिवसाची सुमारे ५० ग्रॅमची मर्यादाही तोकडी पडते.

मुली आळशी असतात, असा ठपका ठेवणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे की २०१६ सालच्या आकडेवारीनुसार जगभरच ११ ते १७ वयाच्या ८१ टक्के मुलामुलींना रोजचा तासभराचा व्यायाम घडत नव्हता, आणि मुलींत हे प्रमाण ८५ टक्के होते. ज्या वस्तीत सायंकाळी एकटीने बाहेर पडणे धोक्याचे, तेथे मुलीला खेळ सांगणे सोपे, जागा मिळवून देणे कठीण. शिवाय भरलेला देह तेथे प्रतिष्ठेचा आणि सुखवस्तूपणाचा मानला जातो. एड्सच्या साथीत कृशता रोगाशी जोडली गेल्यामुळे बारीक मुलीकडे संशयाने पाहिले जाई, आणि हा इतिहास जाणल्यावाचून त्या मुलींना आहारनियमन शिकवू पाहणे मला निर्दय वाटते.

सरकारने १ एप्रिल २०१८ पासून गोड पेयांवर, शंभर मिलिलिटरमागे चार ग्रॅमांवरील साखरेच्या प्रमाणात, कर बसवला; त्यानंतर अशा पेयांतून घरोघरी खरेदी होणाऱ्या साखरेत घट झाल्याचे आढळले. मात्र फळांचा निव्वळ रस या करातून मुक्त राहिला, आणि रस म्हणजे निरुपद्रवी फळच, हा समज त्यामुळे बळावण्याचा संभव आहे. वास्तविक त्यातील साखरही आरोग्य संघटना त्याच मर्यादेत मोजते.