शेंड्यावरचा डास, पातेऱ्यातली गोचीड
(लेखांक ७)

गेल्या आठवड्यात आपण पिवळ्या तापापाशी थांबलो होतो. तो ताप भारतात कधी शिरला नाही. पण १९५७च्या मार्चमध्ये तो आला की काय, अशी धास्ती पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) पडली होती. शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात माकडं मरून पडत होती आणि लगतच्या गावांतली माणसं तापानं फणफणत होती. जंगली पिवळ्या तापाची खूण हीच. केंद्राचे संचालक डॉ. टेलफर्ड वर्क सहकाऱ्यांसह तिथं पोचले. निघाला मात्र वेगळाच विषाणू. रशियातल्या मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद, आणि पसरवणारी गोचीड. सायबेरियाहून येणाऱ्या पक्ष्यांनी तर तो आणला नाही ना, या शंकेमुळे सलीम अलींच्या पक्ष्यांना कडी घालण्याच्या कामाला जागतिक आरोग्य संघटनेची मदत मिळाली. पक्षिअभ्यासाचं भलं झालं, हे एक बरंच.

या कथेतला मला सगळ्यांत लोभस वाटणारा माणूस थोडा मागाहून आला: डॉ. होर्हे बोशेल, कोलंबियाचे. त्यांच्या देशात रानात राबणाऱ्यांना पिवळा ताप गाठायचा, पण तो पसरवणारा नेहमीचा घरगुती डास तिथं नसायचा. एकदा लाकूडतोडे झाड पाडत असताना बोशेल तिथं उभे होते. झाड कोसळलं तसे निळसर चकाकणारे डास माणसांभोवती घोंगावू लागले. माकडांच्या सोबतीनं शेंड्यावर राहणारा हा डास. झाडाबरोबर तोही खाली उतरायचा आणि कुऱ्हाडवाल्यालाच चावायचा.

साठच्या दशकात बोशेल पुण्याच्या केंद्रातर्फे शिमोग्याकडच्या डोंगराळ मलनाडच्या रानात फिरू लागले, ते हीच नजर घेऊन. प्रौढ गोचीड पोट भरते गुरांवर. गुरं आजारी पडत नाहीत, पण गोचिडींची पैदास त्यांच्या जिवावर चालते. मादी रानातल्या पाचोळ्यात अंडी घालते. माणसाला चावतं ते बहुधा तिचं अर्धवट वाढलेलं पिल्लू, तिळापेक्षाही बारीक. त्याचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे, म्हणजे नेमका सरपण, पाला आणि चराईचा काळ. भातासाठी, सुपारीसाठी रान मोडलं, माणसं वाढली, गुरं वाढली, मोकळ्या कडांवर घाणेरी माजली. गुरं, उंदीर, माकडं आणि माणूस अशी सगळी एकाच झुडपात आली. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथंच खाली उतरतात आणि तेवढी जागा धोक्याची होते. १९६९मध्ये बोशेल यांनी या साऱ्याची मांडणी प्रसिद्ध केली. रोग रानात जुनाच असेल. त्याला उठवलं ते रानाच्या कडेनं.

‘मग गुरं रानात सोडू नका’ हा सल्ला द्यायला सोपा. चाऱ्याला दुसरी जागा नसलेल्या माणसानं तो पाळायचा कसा?

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकातल्याच बेळ्तंगडी तालुक्यात काजूच्या लागवडीसाठी दाट रान साफ झालं आणि पाठोपाठ मोठी साथ आली. बोशेल यांचं म्हणणं असं खरं ठरावं, याचा आनंद कुणाला होणार! २०१५मध्ये गोव्याच्या सत्तरीत, २०१६मध्ये आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात हाच रोग, म्हणजे माकडताप, पोचला. काजू वेचण्याचे, पातेरा गोळा करण्याचे महिने आणि पिल्लाच्या चावण्याचे महिने एकच. एकाएकी ताप, डोकं फुटेल अशी ठणक, अंग मोडून येणं, लाल डोळे. काहींच्या नाका-हिरड्यांतून रक्त. दगावण्याचं प्रमाण शंभरात ३ ते ५. रामबाण औषध नाही. म्हणून अंगाला गोचीड पळवणारं तेल लावून रानात जायचं, आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ करायची, कपडे उकळायचे आणि मेलेल्या माकडाला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचं. मग त्या जागेभोवती पन्नास मीटरपर्यंत कीटकनाशक मारतात.

लस मात्र होती. ती वरचेवर टोचून घ्यावी लागे आणि तरी संरक्षण अपुरंच पडे. तिची हकिगत पुढच्या लेखांकात.